माझ्याकडे बघून बोल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

हे भाषण केले तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी एकटाच होतो. समोर काच, काचेपलीकडे तंत्रज्ञ, आणि तोही मान खाली घालून आपल्या कामात. गेली तीस वर्षे मी लोकांचे चेहरे पाहत कविता वाचत आलो आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाने जांभई दिली की पुढची दोन कडवी गाळायची, मागे कुणी मान डोलावली की तीच ओळ पुन्हा म्हणायची, अशी कविसंमेलनाची सवय. नभोवाणीवर यातले काहीच चालत नाही. तरीही ऐकणाऱ्याला माझ्या आवाजावरून कळतेच की हा माणूस दमला आहे, की खुशीत आहे, की मनात नसलेले बोलतो आहे. चेहरा न दिसताही माणूस माणसाला कळतो. आजचा विषय याच्याच आसपासचा आहे.

माझ्या आपाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, नातू स्वमग्न आहे. ज्याला ऑटिझम म्हणतात ते. आता तो मोठा झाला आहे. मी सांगतो ती गोष्ट तो सहा-सात वर्षांचा असतानाची. मी घरी गेलो की तो मला सलाम करी, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. खाऊ दिला की घेई, पण माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघून. मला ते लागायचे. मी त्याची हनुवटी धरून तोंड वर करायचो आणि म्हणायचो, "माझ्याकडे बघून बोल." तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. हे मी एकदा नव्हे, दोन-तीन वर्षे केले. मायेनेच केले. ते चूक होते हे कळायला मला जेवढी वर्षे लागली, त्याच्या कितीतरी पट शास्त्रज्ञांना लागली, एवढेच काय ते माझे समाधान. त्या वर्षांचा हा हिशेब आहे.

आधी आपल्या भाषेचे बघू. जो डोळ्याला डोळा देत नाही त्याला आपण "नजर चोरतो" म्हणतो. म्हणजे नजर दुसरीकडे वळली की चोरीचा आळ आलाच. "चेहरा मनाचा आरसा", "तोंडावरून कळतंय" असे आपण इतक्या सहज म्हणतो की चेहरा हे जणू उघडे पुस्तक आहे आणि ज्याला ते वाचता येत नाही तो अडाणी. गंमत अशी की याच आपल्या घरांत वडीलधाऱ्यांसमोर नजर वर करणे हा उद्धटपणा मानला जायचा. माझे अब्बा रागावले की मी जमिनीकडे बघायचो, आणि तेच योग्य होते. मान खाली घालणारा मुलगा एका घरात संस्कारी ठरतो, दुसऱ्या घरात लबाड. तेव्हा नजरेचा अर्थ नजरेत किती आणि बघणाऱ्याच्या मनात किती, हा प्रश्न जुनाच आहे.

हा प्रश्न शास्त्राच्या दारात आणून ठेवणाऱ्यांत चार्ल्स डार्विन आघाडीवर होता. माणूस आणि प्राणी यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात, यावर त्याचे पुस्तक १८७२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका वृद्धाच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन वेगवेगळे हावभाव उमटवले होते आणि त्यांची छायाचित्रे काढली होती. डार्विनने ती छायाचित्रे वीसेक सुशिक्षित माणसांना, काहीही न सांगता, दाखवली आणि विचारले, या चेहऱ्यावर कोणती भावना आहे? काही चित्रांवर जवळजवळ सगळ्यांचे एकमत झाले, काहींवर प्रत्येकाचे उत्तर वेगळे. डार्विन प्रामाणिक माणूस. चित्राखालचे स्पष्टीकरण वाचून बघितले तेव्हा मला सगळे पटले होते, ते वाचले नसते तर काही चित्रांपाशी मीही गोंधळलो असतो, असे त्याने लिहून ठेवले. चेहरा ओळखण्याची आजची चाचणी ज्या खुणांवरून चालते, त्यांतली पहिली खूण ही. आणि तिच्या उणिवेची पहिली कबुलीही.

डार्विनने जगभरच्या इंग्रजांना प्रश्नांची यादी पाठवली होती. तुमच्याकडचे लोक आश्चर्य वाटले की भुवया उंचावतात का, लाज वाटली की लाल होतात का, असे प्रश्न. एक यादी आपल्याकडे, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आली. तिथे राहणाऱ्या एच. अर्स्किन नावाच्या साहेबांनी स्थानिक लोकांचे चेहरे लक्ष देऊन पाहिले. पण खात्रीने काही सांगणे त्यांना फार अवघड गेले. कारण, युरोपियन माणसासमोर हे लोक आपल्या भावना नेहमी लपवतात. डार्विनच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच हे नमूद आहे.

मी नगरकडच्या त्या माणसांचा विचार करतो. १८५७ होऊन दहा-बारा वर्षे झालेली. समोर गोरा साहेब टक लावून चेहऱ्याकडे बघतो आहे. कोण कशाला हसेल आणि कशाला रडेल? त्यांच्या घरच्यांना त्यांचे चेहरे स्पष्ट वाचता येत असणार. साहेबाला येत नव्हते. हे अर्स्किनसाहेब लक्षात असू द्या. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता "ऑटिझम" या शब्दाकडे वळू. ग्रीक भाषेत "ऑटोस" म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०-११च्या सुमारास हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल बोलताना. पुढे १९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा प्रबंध लिहिला आणि हा शब्द मुलांना चिकटला. मराठीत आपण त्याचे "स्वमग्न" केले. शब्द सुंदर आहे. पण कवी म्हणून मला तो पहिल्यापासून खटकतो. ज्याला शब्द लावायचा त्याला न विचारता आपण ठरवून टाकले की हा स्वतःत बुडालेला आहे. तो कशात बुडाला आहे, हे आपल्याला कुठे माहीत होते?

कॅनर मात्र नजर असलेला माणूस होता. मुलांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचावे असे आहे. ही मुले खोलीत आली की माणसांच्या चेहऱ्याकडे न बघता वस्तूंकडे जातात. कुणाचा पाय त्यांच्या लाकडी ठोकळ्यावर पडला तर त्या पायावर चिडतात, पायाच्या मालकावर नाही. त्याच्या प्रबंधातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना तेहतीस पानांचे पत्र लिहिले होते. तेहतीस पाने! मुलगा आपल्याकडे बघत नाही, पण बापाची नजर मुलावरून क्षणभरही हललेली नाही, हे त्या पत्राच्या लांबीवरूनच कळते. हाच डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर वारला. गावाने त्याला आपला मानले होते.

कॅनरच्या आधी, १९२६ साली, ग्रुन्या सुखारेवा या मॉस्कोतल्या डॉक्टरबाईंनी अशाच सहा मुलग्यांबद्दल जर्मन भाषेत लिहिले होते. ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. कॅनरच्या पाठोपाठ, १९४४ साली, व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी लिहिले. त्यांनी एक नेमकी गोष्ट टिपली होती : ही मुले समोर बघत नसली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून पुष्कळ काही टिपत असतात. पण इतिहासाचे काम फक्त हार घालण्याचे नाही. नाझी राजवटीत अपंग मुलांना जिथे मारले जाई अशा संस्थेकडे आस्परगर यांनी मुले पाठवली होती, हे हेरविग चेक या इतिहासकाराने २०१८ साली कागदपत्रांनिशी दाखवून दिले. ज्या डोळ्यांनी ती तिरपी नजर ओळखली, त्याच डोळ्यांदेखत हेही झाले.

यापुढचा काळ आयांच्या छळाचा आहे. मूल चेहऱ्याकडे बघत नाही, म्हणजे तो चेहरा प्रेमळ नसणार, असा सरळ हिशेब मांडला गेला. कॅनर यांनीच १९४९च्या एका लेखात या मुलांच्या घरातल्या थंडपणाला बर्फाच्या कपाटाची उपमा दिली. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी पुस्तक लिहून दोष ठामपणे आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, पदरात टाकला. हजारो बायका वर्षानुवर्षे स्वतःला खात राहिल्या. यातून सुटका केली ती एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी १९६४ सालच्या पुस्तकात दाखवून दिले की हा मेंदूच्या घडणीचा भाग आहे, मायेच्या तुटवड्याचा नाही. पुढे कॅनर यांनीही पालकांची जाहीरपणे निर्दोष मुक्तता केली. पण आमच्या आपाला "लहानपणी पोराला नीट जवळ घेतलं नसेल" असे एका बाईने ऐकवले, ते या शतकात. शास्त्र सुधारते, शेजार सुधारायला वेळ लागतो.

आई सुटली तेव्हा मूल सापडले. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी बक्षीस आणि शिक्षेच्या बळावर या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्या शिकवणीतल्या पहिल्या धड्यांपैकी एक होता, "माझ्याकडे बघ." बघितले की खाऊ. सुरुवातीच्या काळात हट्ट आणि आदळआपट थांबवण्यासाठी चापटी आणि विजेचा झटकाही वापरला गेला. शिक्षेचे ते प्रकार पुढे निंद्य ठरले, पण "माझ्याकडे बघ" ही आज्ञा जगभर पसरली. माझ्या हनुवटी धरण्यामागे ही सगळी परंपरा उभी होती आणि मला तिचे नावही ठाऊक नव्हते.

आता प्रश्न असा की माणूस बघतो म्हणजे नेमके कुठे बघतो? रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी त्यासाठी बुबुळावर बसणारी बारीकशी चूषणटोपी तयार केली. तिच्यावरच्या आरशातून परावर्तित होणारा प्रकाश नजरेची रेघ काढायचा. १९६५ साली मॉस्कोत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातला प्रयोग फार प्रसिद्ध आहे. रेपिन या चित्रकाराचे एक चित्र : हद्दपारीतून एक माणूस अचानक घरी परततो, घरातले सगळे थबकून बघताहेत. यार्बुसनी ते एकाच माणसाला अनेकदा दाखवले. एकदा विचारले, हे कुटुंब किती श्रीमंत आहे? एकदा विचारले, या माणसांची वये काय? प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. श्रीमंती शोधताना नजर सामानावर, वय शोधताना चेहऱ्यांवर. नजर म्हणजे मनाची किंमत नव्हे, मनाला त्या क्षणी काय हवे आहे त्याचा माग.

हे तंत्र हळूहळू सोपे झाले आणि स्वमग्न माणसांपर्यंत आले. त्याआधीच, १९७८ साली, टिम लँगडेल यांनी मुलांना त्यांच्याच सोबत्यांची छायाचित्रे अर्धी झाकून दाखवली होती. इतर मुले डोळ्यांवरून चटकन ओळखत, लहान स्वमग्न मुलांना मात्र चेहऱ्याचा खालचा भाग, तोंडाकडचा, जास्त उपयोगी पडत होता. २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अमी क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांच्या १९६६च्या एका सिनेमातली भांडणाची दृश्ये पंधरा स्वमग्न आणि पंधरा इतर तरुणांना दाखवली आणि नजर मोजली. इतरांची नजर नटांच्या डोळ्यांवर खिळलेली, स्वमग्न तरुणांची तोंडावर, अंगावर, मागच्या वस्तूंवर. पण त्यातही बारकावा असा की स्वमग्न तरुणांपैकी ज्यांची नजर तोंडावर जास्त होती, त्यांचे लोकांत मिसळणे बरे होते. शब्द तोंडातून येतात. कदाचित ते शब्दांच्या आधाराने माणूस समजून घेत असतील. बहिरी माणसे ओठ वाचतात, तेव्हा त्यांना आपण नजरचोर म्हणतो का?

मोजमाप बरोबर होते. गडबड झाली ती निष्कर्षात. "डोळ्यांकडे बघत नाही" पासून "भावना कळत नाहीत", आणि तिथून "भावनाच नाहीत", या दोन उड्या इतक्या झटपट मारल्या गेल्या की मधली दरी कुणी पाहिलीच नाही. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा खेळ केला. सॅलीने टोपलीत गोटी ठेवली, ती बाहेर गेल्यावर अॅनने ती डब्यात लपवली; आता सॅली परत आल्यावर कुठे शोधेल? वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा जणांनी डबा दाखवला, म्हणजे सॅलीला काय माहीत नाही हे त्यांनी धरले नाही. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्यात अडचण आहे, हे खरेच. पुढे बॅरन-कोहेन यांनी डोळ्यांवरून मन ओळखण्याची चाचणी काढली. तिच्या २००१च्या सुधारित आवृत्तीत छत्तीस जोड्या डोळ्यांची चित्रे आहेत. प्रत्येकाभोवती चार शब्द, त्यातला योग्य निवडायचा. पण ही चित्रे मासिकांतून कापलेली. बरोबर उत्तर कोणते, हे ठरवले चाचणी करणाऱ्यांनी आणि परीक्षकांच्या बहुमताने. त्या डोळ्यांच्या मालकाला त्या क्षणी काय वाटत होते, हे कुणी विचारले नव्हते. अर्स्किनसाहेब पुन्हा भेटले ते इथे.

जास्त बघणे म्हणजे जास्त कळणे, हे तरी खरे आहे का? याचे उत्तर दुसऱ्याच एका विकारातून मिळते. १९६१ साली न्यूझीलंडचे डॉक्टर जे. सी. पी. विल्यम्स यांनी हृदयाजवळची महाधमनी अरुंद असलेल्या काही मुलांचे वर्णन केले. त्यांच्या चेहऱ्यांतही सारखेपणा होता. सातव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा नसल्याने हे होते, असे १९९३ साली कळले. विल्यम्स सिंड्रोमची ही मुले अनोळखी माणसाकडेही हसत जातात, चेहऱ्याकडे टक लावून बघतात. २००८ साली ब्रिटनमध्ये डेबोरा रिबी आणि पीटर हॅन्कॉक यांनी दोन्ही प्रकारच्या मुलांची नजर मोजली. स्वमग्न मुलांची नजर चेहऱ्यावर कमी वेळ थांबे, विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांची नेहमीपेक्षा जास्त. तरीसुद्धा समोरच्याचा हेतू ओळखणे, मैत्री टिकवणे त्यांनाही जड जाते आणि मनात धास्तीही असते. हसरा चेहरा बघून कुणाच्याही मागे जाणाऱ्या मुलाच्या आईला विचारा, तिला आपल्या मुलाने चेहऱ्यांकडे थोडे कमी बघितलेले चालेल.

मग स्वमग्न माणूस नजर का वळवतो? २००५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात किम डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेबरोबर मेंदूचेही मोजमाप केले. स्वमग्न व्यक्ती चित्रातल्या डोळ्यांकडे जितका जास्त वेळ बघे, तितका मेंदूतला अमिग्डला हा भाग, जो धोक्याची आणि भावनेची वर्दी देतो, जास्त पेटे. म्हणजे काही जणांच्या बाबतीत तरी, डोळे त्यांना पोकळ वाटत नाहीत. फार भरलेले वाटतात. दुपारच्या उन्हात बाहेर आल्यावर आपण डोळ्यांवर हात धरतो, तेव्हा आपल्याला सूर्याबद्दल बेपर्वाई असते असे कुणी म्हणत नाही. अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की मी एकतर तुमच्याकडे बघू शकतो किंवा तुमचे ऐकू शकतो, दोन्ही एकदम नाही. यात फारसे परके काही नाही. तुम्हाला कुणी सतरा गुणिले तेवीस तोंडी विचारले तर तुमचीही नजर छताकडे जाईल.

भावना ओळखण्याचे काय? सत्तरच्या दशकात पीटर सिफ्निऑस यांनी अॅलेक्सिथायमिया हा शब्द आणला. अर्थ, स्वतःच्या भावनेला शब्द न सापडणे. हे कुणाच्याही बाबतीत असू शकते; स्वमग्न माणसांत सुमारे निम्म्यांच्या बाबतीत आढळते. २०१३ साली रिचर्ड कुक, जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चेहऱ्यावरची भावना ओळखायला जड जाते ते या शब्द न सापडण्यामुळे, स्वमग्नतेमुळे नव्हे. ज्या स्वमग्न माणसांत हे नाही, ते इतरांइतकेच ओळखतात. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. भावनेला शब्द शोधण्यावर मी आयुष्य काढले आहे आणि दहापैकी नऊ वेळा मला तो सापडत नाही. त्या नऊ वेळा मला काही वाटत नव्हते, असे कुणी म्हटलेले मला चालेल का?

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. आपाचे पती वारले तेव्हा तो मुलगा अकरा वर्षांचा होता. आजोबांना तो नाना म्हणे. घर माणसांनी भरलेले, रडारड चालू. हा मात्र दाराशी बसून बाहेर पडलेल्या चपलांचे जोड लावत होता. आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे, ओळीने. कुणीतरी कुजबुजले, "याला काही वाटत नाही. एका अर्थी बरंच आहे." जनाजा गेला, दफन करून पुरुष परतले, एकेक जण चप्पल घालून आपापल्या घरी निघून गेला. दाराशी एक जोड उरला. मुलगा त्याच्याकडे बघत म्हणाला, "नानांच्या चपला इथेच आहेत. नाना अनवाणी गेले?" त्याचा आवाज सपाट होता आणि चेहराही. आम्ही मोठी माणसे दिवसभर एकमेकांचे चेहरे बघून रडत होतो. नाना कसे गेले, याचा विचार एकट्या त्याने केला होता.

तेव्हा कळत नव्हते ते नेमके कुणाला? २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने हाच प्रश्न उलटा करून विचारला. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे, स्वमग्न माणसाला इतर माणसे कळत नाहीत हे अर्धेच सत्य. इतरांनाही स्वमग्न माणूस कळत नाही. अडचण दोघांच्या मध्ये आहे, पण दोष मात्र संख्येने कमी असलेल्याच्या खात्यावर टाकला जातो. २०१७ साली नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी याला बळ देणारी गोष्ट दाखवली. स्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती पाहून लोकांनी झटकन ठरवले की याच्याशी ओळख वाढवायला नको. चित्र काढून फक्त आवाज ऐकवला, तरी तेच. पण त्याच माणसांचे तेच बोलणे केवळ कागदावर छापून वाचायला दिले, तेव्हा तो आकस नाहीसा झाला. हे भाषण नभोवाणीवरून उतरून या पानावर छापले जाते आहे, म्हणून मला ही गोष्ट जास्तच जवळची वाटते.

२०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींचा खेळ लावला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. फक्त स्वमग्न माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली, मिश्र साखळीत जास्त गळाली. मग २०२५ साली त्याच संशोधकांनी बऱ्याच मोठ्या गटावर प्रयोग केला, तेव्हा तिन्ही साखळ्या सारख्याच निघाल्या. मिश्र साखळीतही गोष्ट पोचली. पहिला निष्कर्ष ढिला पडला, आणि मला त्यात आनंदच वाटतो. याचा अर्थ दोन तट अटळ नाहीत. त्यांचे त्यांना आणि आपले आपल्याला, असे काही ठरलेले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हे सगळे सांगताना या घरांचे हाल झाकले जाऊ नयेत. सगळेच डोनाल्ड नसतात. काही मुले कधीच बोलत नाहीत, काहींना आयुष्यभर आधार लागतो. आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही ते आहे. तरी शाळा शोधताना, दाखला मिळवताना घरच्यांची दमछाक होतेच. लवकर निदान हवे, शिकवणारे हवेत. मूल डोळ्याला डोळा देत नसेल तर डॉक्टरांकडे जरूर न्या. निदानाच्या खुणांत ती खूण आजही आहे. फक्त खूण म्हणजे गुन्हा नव्हे. आणि ती पुसून टाकणे म्हणजे उपचार नव्हे.

मी काय केले ते सांगून थांबतो. मी हनुवटी धरायचे सोडले. आता आपाकडे गेलो की त्याच्यासमोर बसत नाही, शेजारी बसतो. दोघांची तोंडे रस्त्याकडे. तो येणाऱ्या-जाणाऱ्या एस. टी. गाड्यांचे नंबर सांगतो, मी ऐकतो. मध्येच काहीतरी विचारतो. गेल्या खेपेला, गाडीवरची नजर न काढता, म्हणाला, "मामू, तुमचा आवाज आज बसलाय. कुणाशी भांडलात का?"

भांडलो होतो. घरात दुसऱ्या कुणाच्याच ते लक्षात आले नव्हते.